मुसळीचे पाठभेद

दिवाळीच्या सुट्टीत बारडोलीला मामाकडे गेले होते. बारडोली म्हटलं की आपल्याला १९२८चा सत्याग्रह आठवतो. मामाच्या घरात विषय असतो तो उसाचा. गाळपाचे दिवस आले की डांगातून, नवापूर-नंदुरबारकडून तोडणीच्या टोळ्या येतात आणि कडेला पालं पडतात. त्यातलीच एक बाई बाजारात टोपलीभर मुळं घेऊन बसली होती. सफेद मुसळी. मामीने पाव किलो मागितली, तेवढ्यात माझी मामेबहीण मध्ये पडली. ती तिथेच बायोटेक्नॉलॉजी शिकते. "मावशी, ही खरीच मुसळी कशावरून?"

बाई हसली. "पावसात पान येऊ दे, मग बघ."

बहिणीचा प्रश्न चुकीचा नव्हता. 'सफेद मुसळी' हे एका झाडाचं नाव नाहीच. क्लोरोफायटम बोरिविलियानम ही जात औषधात मोलाची समजतात, तिच्याच प्रजातीतली ट्यूबरोसम मुसळी म्हणूनच विकली जाते, आणि शतावरीची एक चुलत जातही त्याच नावाने खपते. पानं-फुलं असली तर जाणकाराला फरक कळतो. पण मुळं खणतात पानं वाळल्यावर. सोलून वाळवली की सगळी सारखीच पांढरी काडी, आणि दळली की मग देवच जाणे.

इथे हरितलवक उपयोगी पडतं. पानाला हिरवं करणाऱ्या या कणाजवळ स्वतःचा वेगळा डीएनए असतो, बहुतेक झाडांत साधारण दीड लाख अक्षरांचा. मूळ पांढरं असलं तरी त्याच्या पेशींतल्या रंगहीन लवकांत हीच संहिता असते, आणि एकेका पेशीत तिच्या पुष्कळ प्रती असतात. म्हणून वाळक्या काडीतूनही काहीतरी हाती लागतं. तंबाखूची ही अख्खी संहिता १९८६ साली जपानमध्ये वाचली गेली. २००९ साली झाडं ओळखायला तिच्यातले दोन उतारे, आरबीसीएल आणि मॅटके, जगभरासाठी ठरवले गेले. पण सख्ख्या जातींत हे उतारे कधी कधी जवळजवळ सारखेच निघतात, मग सगळी संहिता शेजारी ठेवून वाचावी लागते. तिच्यात एक मोठा तुकडा दोनदा येतो, दुसऱ्यांदा उलटा. तो फार सावकाश बदलतो. फरक सापडतात ते बहुधा उरलेल्या भागांत.

बहीण हे सांगत होती आणि मला आमचा पाठचिकित्सेचा तास आठवत होता. नाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ केला. भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ महाभारताच्या पोथ्या अशाच शेजारी मांडल्या गेल्या. नकलाकाराची चूक पुढच्या नकलेत उतरते, म्हणून एकच चूक असणाऱ्या पोथ्या एका घराण्याच्या. झाडांचंही तेच! त्यामुळे 'हा सायन्सवाल्यांचा विषय' असं म्हणून आपल्या मंडळाने अंग काढून घेऊ नये.

आणि पाठचिकित्सेतली मेखही इथे जशीच्या तशी आहे. सुकथनकरांना त्रास झाला तो दोन-दोन घराण्यांचे पाठ मिसळलेल्या पोथ्यांचा. सपुष्प झाडांत हरितलवक बहुधा आईकडूनच येतं (माणसांत आडनाव बापाकडून येतं, झाडं शहाणी). दोन जवळच्या जातींचा संकर झाला आणि पुढच्या पिढ्या बापाच्या जातीशीच जुळत गेल्या, तर झाड दिसतं बापासारखं पण हरितलवक आईच्या जातीचं. नुसती तीच संहिता वाचणारा तिथे फसतो. शिवाय मुळात औषधी द्रव्य किती आहे, हे ती संहिता सांगतच नाही.

तरी माझी खरी तक्रार वेगळी आहे. आम्ही टोपलीवाल्या बाईला पुरावा मागितला. मामीच्या कपाटात मुसळीच्या चूर्णाचा एक महागडा डबा होता, वर 'शुद्ध' छापलेलं. त्याला कुणीच काही विचारलं नव्हतं, मीही नाही. खरं तर मूळ निदान डोळ्यांना दिसतं. चूर्णालाच या तपासणीची गरज जास्त, म्हणून आधी डबे तपासा, टोपल्या मागाहून.

दुसरं असं की संहिता ताडायची तर आधी खात्रीचा नमुना हवा, आणि तो रानातूनच येतो. बोरिविलियानम हे नाव आपल्या बोरिवलीवरून पडलं. झेवियर्समध्ये वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या फादर सांतापाव यांनी फर्नांडिस यांच्यासोबत १९५५ साली ही जात जगापुढे आणली. असे वाळवलेले नमुने झेवियर्सच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये जपले जातात. नमुन्याच्या कागदावर गाव, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव असतं. जिने 'ही बघ, ही खरी' म्हणून झाड दाखवलं तिचं नाव सहसा नसतं. २००२च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगाव लोकांच्या ज्ञानाची नोंदवही ठेवायची आहे. त्या नोंदवहीतलं नाव आणि प्रयोगशाळेतली संहिता एकाच पानावर का येऊ नये? आपल्याकडे पहिल्या पावसात फोडशीची भाजी येते, ती याच मुसळीच्या गोतावळ्यातली. कुठे तिला कुलू म्हणतात. ही नावं गोळा करायला लॅब लागत नाही, आपल्यासारखी भाषेची पोरं पुरेत.

बारडोलीचा लढा तरी कशावरून पेटला? शेतसारा २२ टक्क्यांनी वाढवला, आणि वाढ ठरवताना शेतं धड पाहिलीच नाहीत अशी शेतकऱ्यांची तक्रार होती. मग चौकशी अधिकारी गावोगाव फिरले तेव्हा वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली.

मामीने शेवटी मुसळी घेतलीच. बहिणीने त्यातली डोळा असलेली दोन मुळं गॅलरीतल्या कुंडीत लावली आहेत. जूनमध्ये पान आलं की फोटो पाठवते म्हणाली. ती बाई तोवर गावी परतलेली असेल.