उंबरठा, परत एकदा

शनिवारी रात्री जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ (१९८२) परत पाहिला. शांता निसळांच्या ‘बेघर’ कादंबरीवरचा. कॉलेजात असताना वाटायचं, या सुलभाला त्रास तरी काय आहे? नवरा वकील, शिकलेला, घर भरलेलं... आता वाटतं, खरी गोची तीच! तक्रार करायला जागाच नाही. महिलाश्रमात नोकरी धरली, की पोरीला टाकून गेली म्हणायला सगळे मोकळे.

मागे आमच्या अंधेरीच्या ऑफिसातली एकजण तीन महिने ऑनसाइटला गेली. लंचला सगळ्यांचा एकच प्रश्न, बाळाकडे कोण बघतं? मीही विचारला. त्याआधी मी स्वतः सहा महिने जाऊन आलो होतो, मुलगी जेमतेम वर्षाची असताना. मला विचारलं होतं ते एवढंच, थंडी किती आहे रे तिकडे?