क्राइकी! खाकी हाफ पँटवाला हीरो

सोमवार, ४ सप्टेंबर २००६. बातमी आली, स्टीव्ह आयर्विन गेला. ‘क्रोकोडाइल हंटर’वाला स्टीव्ह. ऐकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडून पहिला प्रश्न एकच निघाला, मगरीनं खाल्लं का?

नाही. मगरीनं नाही, नागानंही नाही. आयुष्यभर मगरींच्या पाठीवर उड्या मारणाऱ्या या माणसाला नेलं एका माशानं. स्टिंग रे. आपल्या कोकणातल्या मासळीबाजारात ज्याला पाकट म्हणतात ना, तोच. एरवी वाळूत पडून राहणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या किनाऱ्यापाशी, बॅट रीफवर, ‘ओशन्स डेडलिएस्ट’ या डॉक्युमेंटरीचं शूटिंग चाललं होतं. हवा बिघडली, शूटिंग अडलं. पण गप्प बसेल तर तो स्टीव्ह कसला? मुलीच्या, बिंदीच्या नव्या प्रोग्रॅमसाठी थोडं फुटेज मिळवू म्हणून तो उथळ पाण्यात उतरला. पाकटानं शेपटीचा काटा मारला तो थेट छातीत. वय फक्त ४४.

आपल्यापैकी कित्येक जण तेव्हा शाळेत होते. दप्तर फेकायचं, रिमोट पळवायचा आणि अ‍ॅनिमल प्लॅनेट लावायचं. घरच्यांना वाटायचं, पोरं ज्ञान मिळवतायत. आपण बघत असायचो खाकी शर्ट-हाफ पँटमधला एक उत्साही प्राणी! हातात जगातला एखादा जहाल विषारी साप, चेहऱ्यावर लॉटरी लागल्याचा आनंद आणि तोंडात ‘क्राइकी!’ त्या सापाला तो चक्क ‘ब्यूटी’ म्हणायचा. आपण हसायचो. पण एपिसोड संपेपर्यंत आपल्यालाही तो साप थोडासा सुंदर वाटायला लागलेला असायचा.

हाच त्याचा खरा फंडा होता बॉस! पांडावर प्रेम करायला काय लागतं? डॉल्फिन तर जन्मजात सेलिब्रिटी. स्टीव्हनं वकीलपत्र घेतलं ते मगर, साप, घोरपड अशांचं. ज्यांना बघून माणूस आधी किंचाळतो आणि मग काठी शोधतो, त्यांचं.

हे वेड घरातूनच आलेलं. आईवडिलांनी, लिन आणि बॉब आयर्विन यांनी, १९७० मध्ये क्वीन्सलंडमधल्या बीरवा इथे छोटंसं रेप्टाइल पार्क सुरू केलं. पोराला सहाव्या वाढदिवसाला गिफ्ट काय, तर अजगर! पुढे माणसांच्या वस्तीजवळ आलेल्या मगरी न मारता पकडायच्या आणि दुसरीकडे हलवायच्या, हे काम त्यानं सरकारसाठी व्हॉलंटियर म्हणून केलं. १९९२ मध्ये अमेरिकन टेरीशी लग्न झालं. नवराबायको हनिमूनला गेले ते मगरी पकडायला, सोबत कॅमेरा घेऊन. त्याच फुटेजमधून ‘क्रोकोडाइल हंटर’चा पहिला एपिसोड तयार झाला. छोटंसं पार्क वाढत वाढत ‘ऑस्ट्रेलिया झू’ झालं.

सगळं कौतुकाचंच होतं असंही नाही. जानेवारी २००४ मध्ये महिनाभराच्या रॉबर्टला एका हातात धरून त्यानं दुसऱ्या हातानं मगरीला मांस भरवलं, तेव्हा जगभरातून शिव्या बसल्या. जंगली प्राण्यांशी इतकी झोंबाझोंबी कशाला, ते त्यांना त्रास देणंच नाही का, असं अनेक जण तेव्हाही विचारत होते. प्रश्न चुकीचा नव्हता. आजची वाइल्डलाइफ फिल्म बघा, कॅमेरा लांब राहतो, प्राण्याला हात लावत नाही. तेच बरोबर आहे. पण लांबून बघण्याएवढी माया आधी आपल्यात आली ती या धसमुसळ्या माणसामुळे, हेही तितकंच खरं.

तो गेल्यावर ऑस्ट्रेलिया झूच्या गेटवर फुलांचा ढीग लागला. लोकांनी खाकी शर्टांवर निरोप लिहून ते तिथे ठेवले. सरकारनं राजकीय इतमामात अंत्यसंस्कार करायची तयारी दाखवली. वडिलांनी नम्रपणे नाही म्हटलं. आपला मुलगा साधा माणूस होता, त्याला तसंच राहायला आवडलं असतं, एवढंच त्यांचं म्हणणं. २० सप्टेंबरला झूमधल्या ‘क्रोकोसियम’मध्ये शोकसभा झाली. आठ वर्षांची बिंदी हातात कागद घेऊन उभी राहिली आणि बाबांबद्दल न अडखळता बोलली. टीव्हीसमोर बसलेल्या कितीतरी मोठ्या माणसांना तेवढं जमलं नाही.

पण त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट घडली. क्वीन्सलंडच्या किनाऱ्यांवर निदान दहा पाकटं मेलेली सापडली. काहींच्या शेपट्या कापलेल्या. कुणीतरी स्टीव्हचा बदला घेतला असावा, असा संशय होता. म्हणजे बघा, ज्या माणसानं जन्मभर ‘प्राण्याला दोष देऊ नका’ हेच सांगितलं, त्याच्या नावानं प्राणी मारले! ‘वाइल्डलाइफ वॉरियर्स’ या त्याच्याच संस्थेला जाहीरपणे सांगावं लागलं, की स्टीव्हला हे मुळीच नको होतं. माणूस आवडणं सोपं असतं. त्याला जे आवडायचं ते आपल्याला आवडणं अवघड.

त्याच्या शेवटच्या क्षणांचं शूटिंग झालं होतं. ते फुटेज कधीच दाखवलं गेलं नाही. केवढा टीआरपी मिळाला असता! पण घरच्यांनी आणि सोबतच्यांनी ते जपलं. अ‍ॅक्सिडेंटचे व्हिडिओ ब्रेकफास्टच्या आधी फॉरवर्ड करणाऱ्या आपण मंडळींनी हे जरा लक्षात ठेवायला हरकत नाही.

आणि मगर क्वीन्सलंडला असली तरी साप आपल्या पार्किंगमध्ये येतोच की! आपल्याकडेही साप म्हणजे काठी, हे समीकरण मोडायला वेडी माणसं लागलीच. पुण्यात नीलिमकुमार खैरे १९८० मध्ये ७२ विषारी सापांसोबत काचेच्या खोलीत ७२ तास राहिले. साप उगाच चावत नाही, हे दाखवायला. पुढे कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं, गावोगाव सर्पमित्र तयार झाले. मात्र आता यातलेच काही जण नाग गळ्यात घालून रील्स करतात. स्टीव्हकडून त्यांनी नेमकी ड्रामेबाजी तेवढी उचलली, माया राहूनच गेली!

स्टीव्ह गेला तेव्हा रॉबर्ट तीन वर्षांचाही नव्हता. मोठा झाल्यावर तोही तीच खाकी घालून मगरींना भरवायला लागला. झूचं काम टेरी, बिंदी आणि त्यानं पुढे नेलं. तो त्यांचा वाटा. आपला वाटा त्यामानानं फारच छोटा आहे. पुढच्या वेळी सोसायटीत साप निघेल, वॉचमन काठी आणायला पळेल आणि शेजारचे काका गॅलरीतून ‘मारा, मारा’ ओरडतील. तेव्हा ‘थांबा, सर्पमित्राला फोन लावतो’ एवढं म्हणा, आणि तो येईपर्यंत लांब उभे राहा.

फारच वाटलं, तर हळूच ‘क्राइकी’ म्हणा. काका काही विचारणार नाहीत.