स्क्रू पिळण्याआधी कारण शोधा

सिग्नलला मोटारसायकल बंद पडू लागली की गॅरेजमध्ये बहुधा एकच इलाज होतो: आयडलिंगचा स्क्रू पिळून रेस वाढवली जाते. गाडी बंद पडायची थांबते, ग्राहक खूश होतो आणि बिघाड जिथल्या तिथे राहतो. ही पद्धत मोडायलाच हवी. शंभर ते दीडशे सीसीच्या आपल्या बहुतेक गाड्यांचं तापलेलं इंजिन मिनिटाला साधारण 1400 फेऱ्यांवर स्थिर राहायला हवं. ते राहत नसेल तर हवा, पेट्रोल, ठिणगी किंवा कॉम्प्रेशन यांपैकी कुठेतरी गडबड आहे. स्क्रू यातलं काहीच दुरुस्त करत नाही, फक्त थ्रॉटल थोडा उघडा धरून ठेवतो. मग गिअर टाकताना खटका बसतो, उभ्या गाडीतही पेट्रोल जास्त जळतं आणि घाट उतरताना इंजिनामुळे मिळणारा ब्रेक कमी होतो.

गाडी नेमकी केव्हा बंद पडते, एवढं नीट विचारलं तरी शोध बराच पुढे सरकतो. चोक ओढल्यावरच गाडी तग धरत असेल, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त शिरतेय. स्लो जेटमधला कचरा हे त्याचं नेहमीचं कारण. थ्रॉटल सोडल्यावरही रेस रेंगाळत खाली येत असेल, तर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर तडकलंय का ते पाहावं. सांध्यावर पाण्याचा बारीक फवारा मारला आणि इंजिनाचा आवाज बदलला, तर हवा तिथूनच शिरतेय. सकाळी नीट चालणारी गाडी तापल्यावरच दगा देत असेल, तर टॅपेट तपासावेत. ‘टॅपेट वाजत नाहीत म्हणजे ठीक आहेत’ हा समज घातक आहे. गरजेपेक्षा घट्ट टॅपेट आवाज करत नाहीत. पण उष्णतेने व्हॉल्व्ह लांबतो, पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं. हे दुर्लक्षित राहिलं तर व्हॉल्व्ह जळतो, आणि तो खर्च टॅपेट सेटिंगच्या कितीतरी पट असतो. एअर फिल्टर आणि प्लग तर कार्बोरेटर खोलण्याआधीच पाहायचे.

बिघाडाची एक खूण आपल्या खिशातच असते. पेट्रोल दुचाकीची पीयूसी चाचणी आयडलिंगलाच होते आणि तिच्या कागदावर कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बनचे आकडे छापलेले असतात. पहिला आकडा चढलेला असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी मिळतेय. पहिला कमी आणि दुसरा जास्त असेल तर पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय, म्हणजे ठिणगी चुकतेय किंवा हवा गळतेय. हा कागद आपण फक्त पोलिसांना दाखवण्यापुरता जपतो.

मेकॅनिकचं म्हणणं असतं की एवढ्या तपासणीला वेळ लागतो आणि ग्राहक त्याचे पैसे देत नाही. हे खरं आहे, आणि दोष आपला आहे. सुटा भाग बदलला तर आपण मुकाट्याने पैसे देतो, पण बिघाड ओळखण्याच्या कौशल्याची मजुरी नाकारतो. दुसरा आक्षेप असा की 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत सगळं इसीयू, म्हणजे गाडीतला संगणक, सांभाळतो. पण थ्रॉटल बॉडीत साचलेला कार्बन, तडकलेलं रबर किंवा घट्ट टॅपेट इसीयू दुरुस्त करू शकत नाही. तो काही काळ सावरून घेतो, एवढंच. अशा गाडीला स्कॅनर लावावा, पण हाताने करायच्या या तपासण्याही कराव्यात. म्हणून बिलावर नुसतं ‘ट्युनिंग’ लिहिलेलं चालवून घेऊ नये. कोणता दोष सापडला आणि रेस किती फेऱ्यांवर ठेवली, हे ग्राहकाने लिहून मागावं आणि तपासणीची मजुरी वेगळी द्यावी.