बिनभाड्याचा बिऱ्हाडकरू

दिवाळीची साफसफाई निघाली की प्रत्येक घरात एक क्षण असा येतो की, मोठे कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढले जाते आणि घरची सारी मंडळी त्यामागे माना घालून गप्प उभी राहतात. तांदळाएवढ्या काळ्या लेंड्या, विजेच्या जुन्या बिलांचा भुगा, गेल्या वर्षी हरवलेली सुपारी! भाडे नाही, पागडी नाही, आणि कुटुंब मात्र आपल्यापेक्षा मोठे. ते मोठे असणारच. मादीला गाभण राहिल्यापासून तीन आठवड्यांत पिल्ले होतात, एका वेळी सहा-आठ सहज, आणि ती पिल्ले दोन-तीन महिन्यांत स्वतः संसाराला लागतात.

मराठीच्या मास्तराला शब्दांची खोड सुटत नाही, म्हणून आधी नावे. मूषकाचे नाते आपले जुने पंडित ‘मुष्’ म्हणजे चोरणे या धातूशी लावतात. तेव्हा चोरीचा आरोप नावातच आहे. घूस निराळी, ती जमिनीखाली बिळे खणून पाया पोकळ करते. आणि चिचुंद्री तर उंदीरच नव्हे. ती किडे-झुरळे खाते. तिच्या वासापायी बिचारी उगाच मार खाते.

आमच्या भिवंडीत या पाहुण्याला दोन मोठ्या खाणावळी आहेत. एक यंत्रमागाची. ताण्याच्या सुताला खळ लावतात, आणि खळीत पुष्कळदा स्टार्चच असतो. म्हणजे कारखानदाराचे सूत ही उंदराची कुरडई. (माझ्या कपाटातल्या जुन्या शब्दकोशांच्या बांधणीलाही खळच आहे. विद्येची आवड त्याला आहे ती एवढ्यापुरती.) दुसरी खाणावळ गोदामांची. पूर्णा, राहनाळ, काल्हेर, माणकोली या बाजूंना निम्म्या मुंबईचा माल पडलेला असतो. शहाणा गोदामवाला पोती भिंतीला चिकटवीत नाही. मध्ये दीड-दोन फुटांची वाट सोडतो आणि माल फळ्यांवर उचलून ठेवतो. जागा फुकट जाते असे वाटते खरे, पण त्या वाटेने माणसाला कंदील घेऊन, आता विजेरी म्हणा, फिरता येते, आणि उंदराला आडोसा उरत नाही.

गोदाम आणि उंदीर यांची मैत्री किती महाग पडते हे महाराष्ट्राने एकदा पाहिले आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेगचा पहिला रुग्ण डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखला तो मांडवीत, धान्याच्या वखारींच्या त्याच वस्तीत. सरकारने घरे धुतली, माणसे हलवली. उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग नेते हे पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवले ते १८९८ साली, आणि सगळ्यांना पटायला आणखी वर्षे गेली. आज प्लेगची तेवढी धास्ती नाही. पण २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने माणसे नेली, ती उंदरांचे मूत्र मिसळलेल्या पाण्यातून. कामवारी नदी फुगली की आमच्या सखल वस्त्यांतूनही लोक गुडघाभर पाण्यातून पाळीला जातात. पायाला जखम असेल आणि पुढे ताप, पोटऱ्यांत कळा, लाल डोळे अशी लक्षणे दिसली, तर काढा पीत बसू नये. डॉक्टरांना पाण्यात चाललो होतो हे आवर्जून सांगावे.

मग मारावे की काय? मारण्याच्या आकड्यांचे आपल्याला भारी कौतुक. मार्च २०१८ मध्ये एकनाथ खडसे यांनी विधानसभेत मंत्रालयातला हिशेब मांडला: सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर! म्हणजे दिवसाला पंचेचाळीस हजारांवर. पुढे सरकारकडून खुलासा आला की तो आकडा उंदरांचा नसून विषारी गोळ्यांचा होता. गोळ्या मोजणे सोपे असते हो.

विषाबद्दल मात्र हसण्यावारी नेण्यासारखे काही नाही. यंदा श्रावणात आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एका बिऱ्हाडाने टोमॅटोच्या फोडीवर पिवळ्या फॉस्फरसचे मलम लावून ती पलंगाखाली सारली. शेजारची तीन वर्षांची मुलगी चेंडूमागे रांगत गेली आणि फोड हातात घेऊन बाहेर आली. तोंडाशी नेणार तोच तिच्या आजीने हातावर फटका मारला, म्हणून निभावले. हे मलम दिसायला दातांच्या पेस्टसारखे. पोटात गेले तर पहिल्या दिवशी थोड्या उलट्या, मग मूल बरे वाटते, आईबाप निर्धास्त होतात, आणि त्यानंतर यकृत निकामी होते. यावर उतारा नाही. पोर खेळत असले तरी डबीसकट इस्पितळ गाठायचे. आणि उंदीर? तो नव्या पदार्थाला बिचकतो, कणभर चाखतो, पोट दुखले तर त्या पदार्थाला पुन्हा तोंड लावीत नाही.

त्या संध्याकाळी जिन्यात सभा भरली. मी म्हटले, लहान उंदराला शिसपेन्सिल जाईल एवढी फट पुरते. तेव्हा आधी फटी मोजू. भिंतीतून नळ जातो तिथे तारेचा चोथा कोंबून वर सिमेंट, दारांच्या खाली पत्र्याची पट्टी, मोरीच्या तोंडाला जाळी, धान्य पत्र्याच्या डब्यात आणि कचरा रात्री झाकून. पण सगळ्यांनी एकाच आठवड्यात! एका घराने बुजवायचे आणि दुसऱ्याने उघडे ठेवायचे, तर उंदीर फक्त खोली बदलतो.

“सर, तळमजल्यावरचे उंदीर, वर्गणी आम्ही का द्यायची?” तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारले.

“काका, काळा उंदीर पाइपावरून चढतो. तुमच्या माळ्यावर रात्री कोण धावते?”

काका काही बोलले नाहीत, पण काकूंनी आतून पैसे आणून दिले. गवंडी दोन दिवस राबला. नवरात्रानंतर भिंतीतली खुडखुड पुष्कळ कमी झाली आहे. मात्र खालच्या किराणावाल्याची पोती अजून भिंतीला टेकलेलीच आहेत, आणि दोन बिऱ्हाडांची वर्गणी यायची आहे.