आडनावातलं झाड

ट्रेकसाठी कसारा लोकल पकडली. ग्रुपची ओळखपरेड सुरू झाली आणि वसईच्या मैत्रिणीने ‘परेरा’ म्हटल्याबरोबर नेहमीचा प्रश्न आलाच, ‘अय्या, मराठी इतकं छान कसं?’ ती हसली, पण कंटाळून. अहो, घरी तीच भाषा बोलतात! १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, बाप्तिस्म्याला बहुधा धर्मपित्याचं आडनाव मिळालं. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला जिंकला, आडनावं राहिली. श्रीलंकेत तर सिंहली परेरा ढिगाने सापडतील. २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वसईचे फादर दिब्रिटो होते, हे आमच्यात कुणाला आठवेना (मलाही नाही!). परेरा म्हणजे नासपतीचं झाड. फिगेरेदो म्हणजे अंजिराची बाग. तेवढ्यात उंबरमाळी स्टेशन आलं. ‘उंबर अंजिराचाच भाऊ ना? मग बघा, आलं तुमचं फिगेरेदो!’ ती म्हणाली.