अंगणवाडी दोघींची असते!

मैत्रिणींनो, अंगणवाडीचा विषय निघाला की आपण काय विचारतो? खिचडी कशी होती, पोषण आहाराची पाकिटं आली का, लस कधी आहे. तिथं काम करणाऱ्या दोघींचं, सेविकेचं आणि मदतनिसाचं, आपापसात कसं चाललंय हे मात्र कुणी विचारत नाही. खरं तर आपलं लेकरू तिथं रमतं की रडतं, हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरतं.

राज्यातल्या सुमारे १३ हजार मिनी अंगणवाड्यांना पूर्ण अंगणवाडी करण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. वाड्या-तांड्यांवरच्या मिनी अंगणवाडीत एकच बाई शिकवायची, झाडायची आणि रजिस्टरही भरायची. पूर्ण अंगणवाडी म्हणजे तिच्या जोडीला मदतनीस. निर्णय चांगलाच आहे. पण माणसं दोन झाली म्हणून काम दुप्पट होतंच असं नाही. कधी कधी दोघींच्या मधे ते तसंच पडून राहतं!

बेंबळी आणि आसपासच्या गावांत बचत गटांच्या निमित्तानं माझं फिरणं असतं. एका गावच्या अंगणवाडीत एक पोरगी चार दिवस आलीच नव्हती. सेविकेला वाटलं, मदतनीस घरी जाऊन बघेल. मदतनिसाला वाटलं, मला कुणी सांगितलंच नाही तर मी कशाला जाऊ? दोघींचा अबोला होता. पोरगी घरी तापानं फणफणलेली आणि आई सोयाबीनच्या काढणीला गेलेली. चूक कुणाची, यावर गावात बरीच चर्चा झाली. “बायकांचं बायकांशी पटतच नाही, दुसरं काय!” असं म्हणून पारावरची मंडळी हसली.

मला हे अजिबात पटत नाही. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातल्या सेविका आणि मदतनिसांनी संप केला. तब्बल ५२ दिवस त्या एकत्र राहिल्या. थंडीत मोर्चे काढले, धरणं धरली, मानधनावर पाणी सोडलं. ज्यांचं ‘पटत नाही’ त्यांना हे जमलं असतं का? तेव्हा दोष बायकांच्या स्वभावात नाही, कामाच्या मांडणीत आहे.

ती मांडणी जरा बघा. २०२३ मध्ये सेविकेचं मानधन १० हजार झालं आणि मदतनिसाचं साडेपाच हजार. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते १३ हजार आणि साडेसात हजार झालं, वर प्रोत्साहन भत्ता. म्हणजे मदतनिसाच्या हातात जेमतेम निम्म्याहून थोडं अधिक. आणि २०२३ च्या नियमांनी नव्या भरतीत बारावीची अट मात्र दोघींनाही सारखी! शिकलेली मुलगी मदतनीस म्हणून येते आणि तिच्या वाट्याला झाडू, पाणी आणि पोरांना घरून आणणं एवढंच येतं. मग मनात अढी बसणार नाही तर काय?

दुसरी अडचण वेळेची. २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ आला आणि मोबाईलमध्ये माहिती भरणं हेच एक मोठं काम होऊन बसलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते मोबाईल सरकारला परत केले होते, आठवतंय ना? मुलं घरी गेल्यावर दोघींनी बसून चार शब्द बोलावेत, असा वेळ वेळापत्रकात धरलेलाच नाही.

अंगणवाडीच्या सहा सेवांपैकी लसीकरण, आरोग्य तपासणी आणि दवाखान्यात पाठवणं या तीन सेवा तर आरोग्य खात्याच्या मदतीशिवाय होतच नाहीत. म्हणजे आशाताई आणि नर्सबाईही याच गाड्याला जुंपलेल्या. सगळ्या मिळून ओढल्या तर काय होतं, हे आपल्या मराठवाड्यानं पाहिलंय. २००२ च्या सुमारास तेव्हाच्या औरंगाबाद विभागात विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांनी आरोग्य खातं आणि अंगणवाडी यांना एकत्र कामाला लावलं. प्रत्येक बालकाचं वजन करायचं, आकडा लपवायचा नाही, अतिकुपोषित मूल लगेच डॉक्टरांना दाखवायचं. त्यातूनच २००५ मध्ये राजमाता जिजाऊ मिशन उभं राहिलं. २००५-०६ मध्ये राज्यातल्या दोन वर्षांखालच्या मुलांत खुरटलेली मुलं ३९ टक्के होती, २०१२ च्या पाहणीत ती २३-२४ टक्क्यांवर आली. सगळं श्रेय एका मिशनला देता येणार नाही, पण एकत्र कामाचा वाटा त्यात नक्कीच होता. पुढं मात्र गाडी अडली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं खुरटलेली निघाली. तीन मुलांमागे एक!

जोडीनं काम कसं करावं, याचा धडा तर आपल्या घरातच आहे. ताराबाई मोडक बी.ए. झालेल्या, नामवंत शिक्षणतज्ज्ञ. अनुताई वाघ बालविधवा, नोकरी करत शिकलेल्या. १९४५ मध्ये अनुताई बोर्डीला ताराबाईंकडे आल्या आणि १९७३ मध्ये ताराबाई जाईपर्यंत दोघींनी बरोबरीनं काम केलं. पाड्यावरच्या अंगणात मुलं जमवून शिकवायचं, ही अंगणवाडीची कल्पना या जोडीचीच. ताराबाईंनी अनुताईंना नुसती हाताखालची बाई मानलं नाही, शिकवलं आणि जबाबदारी दिली. म्हणून तर ताराबाईंच्या मागेही कोसबाडचं काम थांबलं नाही. तिकडे इटलीत रेज्जो एमिलिया शहरातल्या बालशाळा जगप्रसिद्ध आहेत. तिथं एका वर्गाला दोन शिक्षिका असतात, दोघींचा दर्जा सारखा, आणि एकत्र बसून बोलायला आठवड्यात वेळ राखलेला.

आपल्याकडे मानधनाचा प्रश्न सरकारनंच सोडवायचा आहे. पण काही गोष्टी आजपासून होतील. पोरं गेल्यावर रोज पंधरा मिनिटं दोघींनी बसावं. आज कोण आलं नाही, का आलं नाही, उद्या कुणाच्या घरी कोण जाणार, एवढंच बोलावं आणि भिंतीवरच्या कागदावर लिहावं. आठवड्यातून एक दिवस गोष्ट-गाणं मदतनिसानं घ्यावं, त्या दिवशी पोरांना घरून आणायला सेविकेनं जावं. पर्यवेक्षिका बाईंनी भेटीत दोघींचंही ऐकून घ्यावं. महिन्याच्या ग्राम आरोग्य व पोषण दिवसाआधी आशाताई आणि नर्सबाईंनाही त्यात सामील करून घ्यावं.

आणि आपण? इकडचं तिकडं सांगणं आधी बंद करू या. “मावशी काय म्हणत होत्या माहितीय का ताई...” यानंच निम्मी भांडणं लागतात! पुढच्या पालक मेळाव्याला जाल तेव्हा बघा, सेविकाताई खुर्चीवर आणि मावशी दाराशी उभ्या आहेत का? असतील तर आणखी एक खुर्ची मागवा आणि “मावशी, आमच्या लेकराबद्दल तुम्हीपण सांगा” असं म्हणा. घरून त्याला रोज आणतात त्या. ते उपाशी आलं की जेवून आलं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?