निद्रानाशाची वर्दी

झोप लागत नाही अशी कुरबुर सुरू झाली की आपल्या घरांत उपायांची वाण पडत नाही. कुणी दुधात जायफळ उगाळून देते, कुणी काशाच्या वाटीने तळपाय घासते, आणि तेवढ्याने भागले नाही तर दुकानातून गोळी आणवली जाते. पहिल्या दोहोंविषयी आमची तक्रार नाही. तिसरीविषयी आहे, कारण निद्रानाश हा पुष्कळदा स्वतंत्र रोग नसून दुसऱ्याच दुखण्याची वर्दी असतो.

घोरण्याचेच पाहा. घोरणाऱ्याला कुंभकर्ण म्हणून आपण मोकळे होतो. वस्तुतः अशा कित्येकांना गाढ झोप लाभतच नाही. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, श्वासमार्ग मिटतो, १० सेकंद किंवा अधिक काळ श्वास थांबतो आणि मेंदू दचकून अर्धवट जागा होतो. विकार तीव्र असल्यास एका रात्रीत हे शेकडो वेळा घडते. मग सकाळी डोके जड, दुपारी खुर्चीत पेंग, आणि रक्तदाब चढलेला. यालाच स्लीप ॲप्निया म्हणतात. १९८१ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवण्याची युक्ती प्रसिद्ध केली; त्या तत्त्वावरील यंत्र आज आपल्याकडेही मिळते. अशा माणसास मनानेच झोपेची गोळी देणे धोक्याचे, कारण काही गोळ्यांनी श्वास अधिकच मंदावतो. रोग्याला स्वतःला यातले काही उमगत नाही. थांबलेला श्वास ऐकते ती शेजारी जागी असलेली पत्नी. डॉक्टरांपुढे तिची साक्ष व्हावयास हवी.

तिचे स्वतःचे दुखणे मात्र बहुधा अबोल राहते. अंथरुणाला पाठ टेकताच पाय शिवशिवतात, हलविल्यावाचून राहवत नाही, चार येरझारा घातल्या की बरे वाटते. दिवसभराचा शीण, असे म्हणून ती गप्प बसते. स्वीडनचे डॉ. एकबोम यांनी १९४५ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले. शरीरात लोह कमी पडणे हे त्याचे एक ठळक कारण. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिता असू शकतो, म्हणून फेरिटिनची तपासणी मागून घ्यावी.

थायरॉईडचा अतिरेक, छातीत चढणारे आम्लपित्त, मधुमेहामुळे लघवीसाठी वारंवार उठणे, हीही झोपमोडीची कारणे आहेत. पण आजोबा एकाऐवजी तीन उशा मागू लागले, आडवे होताच त्यांना धाप लागू लागली, तर हृदय थकल्याची शंका घ्यावी. उशा द्याव्यातच, परंतु सकाळी डॉक्टरांकडेही न्यावे. आणि उठून बसल्यावरही धाप ओसरत नसेल तर सकाळची वाट पाहू नये.